काचपात्रातील जीवन : डॉ. अलेक्सिस कॅरेल यांचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या यशापासून बोध घेण्यासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु काही चरित्रांत यश जितके बोधप्रद असते, तितकीच त्या यशाच्या पोटात दडून राहिलेली चूकही बोधप्रद असते. डॉ. अलेक्सिस कॅरेल यांचे चरित्र या दुसऱ्या प्रकारात मोडते. फ्रान्स देशात जन्मलेल्या व अमेरिकेत कीर्तीस चढलेल्या या शस्त्रवैद्याने तुटलेल्या रक्तवाहिन्या शिवण्याची कला जगाला दिली, महायुद्धातील जखमी सैनिकांचे हातपाय वाचविण्याचा मार्ग दाखविला आणि प्राण्यांच्या जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या पात्रात, वाढविण्याचे शास्त्र नावारूपास आणले. याच शास्त्रात त्यांनी एक सिद्धान्त मांडला आणि तो जवळजवळ पन्नास वर्षे सत्य म्हणून शिकविला गेला. तो सिद्धान्त खरा नव्हता. तो कसा उत्पन्न झाला, इतका काळ कसा टिकला आणि शेवटी कोणत्या युक्तीने त्याचा उलगडा झाला, हे विद्यार्थिवर्गापुढे ठेवावे, या हेतूने आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले आहे.

आमच्या चरित्रनायकाचा जन्म ता. २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळ सेंत-फ्वा या गावी झाला. लिऑन हे शहर रेशमी कापडासाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध असून कॅरेल यांचे वडीलही कापडाच्याच व्यवसायात होते. मुलगा अवघा पाच वर्षांचा असताना वडील निवर्तले आणि तीन लेकरांच्या संगोपनाचा भार मातेवर पडला. वडिलांची आठवण म्हणून मुलाने पुढे त्यांचेच अलेक्सिस हे नाव धारण केले. जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी चालविलेल्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. नंतर लिऑनच्या विद्यापीठात वैद्यकीचा अभ्यास करून १९०० साली त्याने पदवी संपादन केली.

विद्यार्थिदशेतच एक घटना अशी घडली की, तिने या तरुणाच्या आयुष्याला दिशा दिली. १८९४ च्या जून महिन्यात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो हे लिऑन येथे आले असता एका माथेफिरूने त्यांच्या पोटात खंजीर खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती. शहरातील नामांकित शस्त्रवैद्य भोवती जमले. परंतु तुटलेली रक्तवाहिनी पुन्हा जोडण्याची विद्या त्या काळी कोणालाच अवगत नव्हती. राष्ट्राचा अध्यक्ष सर्वांच्या देखत रक्तस्रावाने मरण पावला. शिंप्याला फाटलेले वस्त्र शिवता येते, मग वैद्याला फाटलेली शीर का शिवता येऊ नये, हा प्रश्न कॅरेल यांच्या मनात घर करून बसला. त्यांनी त्यावर जो उपाय शोधिला तो ऐकून कित्येकांस हसू येईल. ते शहरातील एका कुशल भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेले आणि अत्यंत बारीक सुईने, रेशमाहून बारीक धाग्याने टाके घालण्याचे शिक्षण त्यांनी घेतले. रक्तवाहिनीच्या कापलेल्या तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ते ताणावे, म्हणजे वाटोळ्या तोंडाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवणे सोपे जाते, ही त्यांची युक्ती १९०२ साली प्रसिद्ध झाली. आज हृदयावर शस्त्रक्रिया होते किंवा एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसविले जाते, त्याच्या मुळाशी हे भरतकामच आहे.

त्याच वर्षी कॅरेल हे रोग्यांच्या एका तुकडीबरोबर लूर्द या तीर्थक्षेत्री गेले. तेथे मरणोन्मुख झालेली एक तरुणी काही तासांत सुधारलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि जे पाहिले ते त्यांनी लपविले नाही. परिणाम असा झाला की, वैद्यमंडळींनी त्यांना भोळसट ठरविले, तर श्रद्धाळू मंडळींना त्यांची चिकित्सक वृत्ती रुचली नाही. लिऑनमध्ये उत्कर्षाची वाट बंद झाल्याचे पाहून १९०४ साली त्यांनी मायदेश सोडिला. या प्रसंगाचा निवाडा करणे हे येथे आमचे काम नव्हे; परंतु आपण पाहिलेली गोष्ट पदावर पाणी सोडूनही सांगण्याचे धैर्य या गृहस्थाच्या अंगी होते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कॅनडातील माँट्रिअल येथून कॅरेल शिकागोस आले व तेथील विद्यापीठात चार्ल्स गथ्री यांच्या सोबतीने त्यांनी प्राण्यांच्या रक्तवाहिन्या व अवयव जोडण्याचे प्रयोग केले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधनसंस्थेने त्यांना पाचारण केले. तेथे १९०८ साली एका नवजात बालिकेच्या अंगातून रक्तस्राव होऊन ती मरणाच्या दारी असता, कॅरेल यांनी पित्याच्या हाताची धमनी त्या तान्ह्या मुलीच्या पायातील शिरेला जोडून तिला पित्याचे रक्त दिले व तिचे प्राण वाचविले. १९१२ साली वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. अमेरिकेतील प्रयोगशाळेत काम करणाऱ्यास हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. कॅरेल यांचे वय त्या वेळी ३९ वर्षांचे होते.

आता ज्या विषयासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली त्याकडे वळू. अवयव एका शरीरातून काढून दुसऱ्यात लावावयाचा, तर मधल्या काळात तो जिवंत कसा ठेवावा, या विचारातून कॅरेल शरीराबाहेरील पेशींच्या जीवनाकडे वळले. या वाटेवर पहिले पाऊल टाकण्याचा मान अमेरिकन शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांचा आहे. १९०७ साली त्यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जातंतूचा सूक्ष्म कण बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात लोंबकळत ठेविला आणि त्यातून नवा तंतू बाहेर वाढत जाताना सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिला. १९१० साली रॉकफेलर संस्थेतील माँट्रोझ बरोज हे तरुण संशोधक हॅरिसन यांच्याकडे जाऊन ही विद्या शिकून आले. लसिकेच्या ऐवजी त्यांनी कोंबडीच्या रक्तातील द्रव वापरला. हा द्रव थिजला म्हणजे त्याचे जाळे बनते आणि वाढणाऱ्या पेशींना पाय रोवण्यास आधार मिळतो. पुढे कॅरेल व बरोज यांनी मिळून कुत्रा, मांजर, कोंबडी अशा अनेक प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवून दाखविल्या.

हे काम दिसते तितके सोपे नाही. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी जणू भरल्या घरात नांदत असते. तिला अन्न मिळते, प्राणवायू मिळतो, ऊब मिळते, क्षारांचे प्रमाण बेताचे राहते आणि तिने टाकलेला मळ रक्त वाहून नेते. घराबाहेर काढलेल्या पेशीची ही सर्व सरबराई माणसाला करावी लागते. ऊब दोन-चार अंशांनी चढली की ती मरते. द्रव थोडा आंबट झाला की तिची वाढ खुंटते. आणि एक जरी जंतू आत शिरला तरी तो तिचे सारे अन्न फस्त करून काही तासांत पात्र नासवितो. जंतुनाशक औषधे पोषकद्रवात मिसळण्याची सोय त्या काळी नव्हती, म्हणून सारा भरवसा हातांच्या स्वच्छतेवर होता. येथे शस्त्रवैद्य कॅरेल यांचा हात सिद्धहस्त ठरला. त्यांच्या प्रयोगशाळेत सर्वजण काळे झगे व काळ्या टोप्या घालीत, भिंतीही गडद रंगाच्या असत, जेणेकरून प्रकाशाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये. एखाद्या मठातील विधीप्रमाणे तेथील काम चाले. पाहणारा दिपून जाई. आणि हे आपल्याच्याने व्हावयाचे नाही, असे मानून परतही जाई.

ता. १७ जानेवारी १९१२ रोजी कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक लहानसा तुकडा पोषकद्रवात ठेविला. आरंभी तो तुकडा पात्रातही स्पंदन पावत असे. काही दिवसांनी तो क्षारजलात धुऊन नव्या द्रवात ठेवावयाचा, वाढून दुप्पट झाला की कापून दोन करावयाचे, असा क्रम सुरू झाला. कालांतराने हृदयाच्या स्नायूपेशी नाहीशा होऊन साध्या तंतुजनक पेशी तेवढ्या राहिल्या. परंतु त्यांची वाढ मात्र चालूच राहिली. लोकांच्या कल्पनेत काचेच्या बरणीत एक हृदय अखंड धडधडत होते. वस्तुतः तेथे धडधडणारे काही उरले नव्हते. होता तो विभागत जाणाऱ्या पेशींचा पुंजका.

या वाढीचे रहस्य पोषकद्रवात होते. नुसत्या रक्तद्रवात पेशी फार काळ वाढत नाहीत, हे कॅरेल यांच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून त्यांनी कोंबडीचे कोवळे गर्भ वाटून त्यांचा रस काढला व तो द्रवात मिसळला. त्याबरोबर वाढीला एकदम जोर चढला. पुढे १९२१ साली त्यांनी व त्यांचे सहकारी आल्बर्ट एबेलिंग यांनी असेही दाखविले की, म्हाताऱ्या कोंबडीच्या रक्तजलात त्याच पेशी मंद वाढतात आणि कोवळ्या पिलाच्या रक्तजलात त्या जोमाने वाढतात. १९२३ मध्ये कॅरेल यांनी तिरप्या मानेची एक चपटी काचेची कुपी तयार केली. तिच्यामुळे जंतू आत न शिरता द्रव पालटणे सुलभ झाले. पेशी जशी आहे तशीच वाढत नाही, तिला ज्या परिस्थितीत ठेवाल त्याप्रमाणे ती वाढते, हे तत्त्व कॅरेल यांनी स्वतःच्या हातांनी सिद्ध केले. आमच्या मते त्यांच्या संशोधनाचा हा गाभा होय, आणि त्यांच्या चुकीचे बीजही येथेच आहे.

मध्यंतरी १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. कॅरेल फ्रान्समध्येच होते. ते सैन्यात रुजू झाले. काँपिएन्ये येथील इस्पितळात त्यांनी व हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मिळून जखमा धुण्याची एक पद्धती तयार केली. सोडियम हायपोक्लोराइटचा सौम्य द्रव रबरी नळ्यांवाटे ठरावीक वेळाने जखमेच्या खोल भागापर्यंत पोहोचवावयाचा, ही ती पद्धती होय. जखम सडून पाय कापावा लागण्याचे कित्येक प्रसंग तिच्यामुळे टळले. कॅरेल यांच्या पत्नीही त्या इस्पितळात परिचारिकेचे काम करीत. युद्ध संपल्यावर कॅरेल न्यूयॉर्कला परतले. १९३५ साली त्यांनी सुप्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या सहकार्याने काचेचा एक पंप प्रसिद्ध केला. शरीरातून काढलेला संपूर्ण अवयव त्यात ठेवून त्याला निर्जंतुक पोषकद्रव सतत पुरविता येत असे.

इकडे १९१२ सालचा तो पेशीपुंज एबेलिंग यांच्या देखरेखीखाली वाढतच होता. दर जानेवारीत वृत्तपत्रे त्याच्या वाढदिवसाची वार्ता छापीत. कोंबडी काही सामान्यतः वीस-तीस वर्षे जगत नाही. मग तिच्या पेशी इतकी वर्षे जगल्या याचा अर्थ काय? कॅरेल यांचे उत्तर असे होते की, पेशी स्वभावतः अमर आहे. योग्य पोषण मिळाले व मळ दूर केला, तर ती कधीच मरणार नाही. वार्धक्य हे पेशीत नसून तिच्या भोवतालच्या द्रवात आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी, रॉकफेलरसारखी संस्था आणि डोळ्यांसमोर वाढणारी पेशी, असे तीन साक्षीदार एकत्र आल्यावर शंका कोण घेणार? इतर प्रयोगशाळांत साध्या पेशी काही महिन्यांनी वाढेनाशा होत. पण ते संशोधक स्वतःच्या हातांना दोष देत, द्रवाला दोष देत, काचेच्या स्वच्छतेला दोष देत. सिद्धान्ताला दोष देण्याचे धाडस कोणी करीना.

कॅरेल यांच्या उत्तरायुष्याबद्दल लिहिताना लेखणी जड होते. परंतु चरित्रलेखकाने अप्रिय भाग गाळणे म्हणजे वाचकांची फसवणूक करणे होय. १९३५ साली त्यांनी मानवजातीविषयी एक ग्रंथ लिहिला. तो पुष्कळ भाषांत गेला व लक्षावधी लोकांनी वाचला. त्यात माणसांची उच्च व हीन अशी प्रतवारी करून उच्च तेवढ्यांची पैदास वाढवावी, असे प्रतिपादन होते. आणि घोर गुन्हे करणाऱ्यांना, तसेच गुन्हे करणाऱ्या वेड्यांनाही, विषारी वायूने मारून टाकावे, अशी सूचनाही होती. १९३६ च्या जर्मन आवृत्तीत तर त्या वेळच्या जर्मन सरकारने या दिशेने केलेल्या उपायांची प्रशंसा होती. ज्या पुरुषाने एका तान्ह्या बालिकेसाठी टाके घातले, त्यानेच दुबळ्या जिवांविषयी असे लिहावे, यापरते आश्चर्य व दुःख कोणते? पात्रातील पेशी निवडावी आणि नको असलेली फेकून द्यावी, हा प्रयोगशाळेचा धर्म असेल; परंतु मनुष्य म्हणजे पेशी नव्हे. त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या मनुष्यास दिलेला नाही.

१९३९ साली रॉकफेलर संस्थेतून निवृत्त होऊन कॅरेल फ्रान्सला परतले. देश जर्मनांच्या टाचेखाली गेल्यावर विशी येथील सरकारच्या आश्रयाने त्यांनी १९४१ मध्ये मानवी प्रश्नांचा अभ्यास करणारी एक संस्था उभारली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झाले, तेव्हा शत्रूशी सहकार्य केल्याचा आरोप त्यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. चौकशी पूर्ण होण्याच्या आतच, ता. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. लिऑनच्या एका वैद्यकीय विद्यालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले होते. १९९६ मध्ये ते काढून टाकण्यात आले. न्यूयॉर्कमधील तो पेशीपुंज मात्र आपल्या धन्यानंतरही राहिला. १९४६ साली, चौतीस वर्षांनंतर, त्याचे पोषण मुद्दाम थांबविण्यात आले.

आता सिद्धान्ताचे पुढे काय झाले ते पाहू. फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक नावाचे तरुण शास्त्रज्ञ मानवी गर्भातून घेतलेल्या पेशी वाढवीत होते. सुमारे पन्नास वेळा दुप्पट झाल्यावर त्यांची वाढ थांबे. प्रथम त्यांनीही पोषकद्रवावर संशय घेतला. परंतु त्यांच्या नजरेस एक गोष्ट आली. त्याच दिवशी, त्याच द्रवात, त्याच हातांनी हाताळलेल्या कोवळ्या पेशी जोमाने वाढत होत्या. थांबत होत्या त्या केवळ जुन्या. द्रव वाईट असता तर दोन्ही थांबावयास हव्या होत्या. मग हेफ्लिक व त्यांचे सहकारी पॉल मूरहेड यांनी एक सुंदर प्रयोग केला. अनेकदा विभागून जुन्या झालेल्या पेशी त्यांनी पुरुषाच्या घेतल्या, कमी विभागलेल्या कोवळ्या पेशी स्त्रीच्या घेतल्या आणि दोन्ही एकाच पात्रात मिसळल्या. स्त्री व पुरुष यांच्या पेशी त्यांच्या गुणसूत्रांवरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. वेगळ्या पात्रात राखून ठेवलेल्या जुन्या पेशी जेव्हा वाढेनाशा झाल्या, तेव्हा मिश्र पात्र तपासले. त्यात पुरुषाच्या पेशी उरल्या नव्हत्या. सर्व स्त्रीच्याच होत्या. पात्र एक, द्रव एक, ऊब एक, आणि तरीही जुन्या पेशी संपल्या व कोवळ्या राहिल्या! तेव्हा मर्यादा द्रवात नसून पेशीतच आहे, हे उघड झाले.

हा शोध त्यांनी प्रथम ज्या नियतकालिकाकडे पाठविला, त्याच नियतकालिकात १९१२ साली कॅरेल यांचा अमर पेशींचा निबंध छापला गेला होता. संपादक पेटन राउस हेही रॉकफेलर संस्थेतील थोर शास्त्रज्ञ होते. पेशींना योग्य पोषण मिळाल्यास त्या अमर्याद वाढतात ही गोष्ट सिद्धच आहे, अशा समजुतीने त्यांनी तो निबंध परत पाठविला. अखेर १९६१ साली तो अन्यत्र प्रसिद्ध झाला. इतर प्रयोगशाळांतही तोच अनुभव आला, आणि आज ही मर्यादा हेफ्लिक यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग कॅरेल यांच्या पेशी चौतीस वर्षे वाढल्या कशा? कोंबडीच्या साध्या पेशी तर मानवी पेशींहूनही कमी वेळा विभागतात. सर्वांत संभाव्य असा खुलासा हेफ्लिक यांनी सुचविला तो हा की, जो गर्भरस अन्न म्हणून घातला जाई, त्यातूनच काही जिवंत कोवळ्या पेशी पात्रात पडत असल्या पाहिजेत. घुसळून व निवळून काढलेल्या त्या रसात सर्व पेशी मरून गेल्या आहेत, असे गृहीत धरण्यात आले होते. म्हणजे जुनी पेशी जगत नव्हती. अन्नाच्या निमित्ताने नवी पेशी तिच्या जागी येऊन बसत होती. पोषणाचा परिणाम वाढीवर किती होतो हे ज्या गृहस्थांनी जगाला शिकविले, त्यांच्याच पोषकद्रवाने त्यांना चकविले!

याचा अर्थ परिस्थितीला महत्त्व नाही असा मात्र नव्हे. १९४८ साली अमेरिकेत कॅथरीन सॅनफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदराची एकटी पेशी भरपूर द्रवात वाढत नाही, परंतु केसासारख्या बारीक नळीतील थेंबभर द्रवात ती वाढते; कारण तेवढा द्रव ती स्वतःच आपल्याला राहण्याजोगा करून घेते. हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ असते, तर शरीराच्या आतील भागांत पेशींच्या वाट्याला ते पुष्कळच कमी येते. आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानवी पेशी कमी प्राणवायूत ठेवल्या असता त्या अधिक वेळा विभागल्याचे आढळले. म्हणजे परिस्थितीने मर्यादा मागेपुढे सरकते. साध्या पेशीची मर्यादा तिने नाहीशी होत नाही. ती मर्यादा गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. दर विभाजनाला ती टोके थोडी झिजतात. त्यांचे रक्षण कसे होते या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाच्या कित्येक पेशी मात्र ही मर्यादा ओलांडतात. १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या पाच मुलांच्या मातेच्या अर्बुदातून, तिची अनुमती न घेता, काढलेल्या पेशी डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढू लागल्या. ती माउली त्याच वर्षी मरण पावली. तिच्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाची विद्या आत्मसात केली व पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या कामाची प्रयोगशाळा उभारली. परंतु येथेही कॅरेल यांच्या पात्रातील धडा पुन्हा गिरवावा लागला. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले की, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वाढविलेल्या अनेक मानवी पेशी वस्तुतः लॅक्सबाईंच्याच होत्या. हातून, नळीतून, द्रवातून त्या नकळत दुसऱ्या पात्रांत शिरल्या होत्या आणि मूळच्या पेशींना त्यांनी हुसकावून लावले होते.

असो. विद्यार्थिमित्रहो, या चरित्राचा निष्कर्ष काय? कॅरेल यांचे टाके आजही शस्त्रक्रियागृहांत घातले जातात. त्यांची पेशीसंवर्धनाची विद्या आज लशी तयार करण्यास व औषधे पारखण्यास उपयोगी पडते. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांनी जी सावधगिरी जंतूंच्या बाबतीत पाळली, ती स्वतःच्या गृहीत गोष्टींच्या बाबतीत पाळली नाही. बाहेरून येणाऱ्या धुळीच्या कणावर त्यांचा पहारा होता. स्वतःच्या हाताने घातलेल्या गर्भरसावर नव्हता. त्यांच्या प्रयोगशाळेचा थाट असा की, इतरांनी प्रश्न विचारण्याऐवजी मान झुकविली. सत्य उघडकीस आले ते अधिक झगझगीत प्रयोगशाळेमुळे नव्हे, तर एका साध्या तुलनेमुळे. दोन पेशी एकाच पात्रात ठेवून पाहिल्यामुळे.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही जेव्हा दोन परीक्षानळ्या मांडता, एकीत पदार्थ घालता आणि दुसरी तशीच ठेविता, तेव्हा ती दुसरी नळी तुम्हांला निरर्थक वाटते आणि तिची नोंद करण्याचा कंटाळा येतो, हे आम्ही वर्गात पुष्कळदा पाहतो. यापुढे ती नळी मांडताना डॉ. कॅरेल यांच्या चौतीस वर्षांची आठवण ठेवा, आणि तिची नोंद पहिल्या नळीइतक्याच काळजीने करा.